भिंतीवरची ती बाई कोण? कॅरिबियन स्त्रियांची भित्तिचित्रं कशी घडतात

दरवर्षी २२ जून जवळ आला की ब्रिटनमधल्या रंगवलेल्या भिंतींचे फोटो फिरायला लागतात. दोन-तीन मजले उंच असा एका कृष्णवर्णीय बाईचा चेहरा, डोक्याला चौकड्याचं फडकं किंवा नर्सची टोपी, मागे मोठाली फुलं. पाहणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतात. ही बाई कोण? कॅरिबियन बेटांवरची असेल तर तिचं चित्र ब्रिटनमध्ये का? कुणीही उठून अशी भिंत रंगवू शकतं का? आणि तिथल्या पावसात हे टिकतं तरी कसं?

उत्तरं देताना उदाहरण मुख्यतः ब्रिस्टल शहराचं घेतलं आहे, कारण कुणाचा चेहरा सार्वजनिक जागी असावा हा वाद तिथे सगळ्यात उघडपणे झाला. त्या वादाचा एक धागा भारतीय माणसापर्यंतही येतो.

## आधी थोडा इतिहास

२२ जून १९४८ रोजी 'एम्पायर विंडरश' या जहाजातले प्रवासी लंडनजवळच्या टिलबरी गोदीत उतरले. त्यात कॅरिबियन बेटांवरून कामासाठी आलेले शेकडो लोक होते. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ५ जुलैला, ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि तिला नर्सेस हव्या होत्या. जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद, गयाना इथून मुली आल्या, वॉर्डात राबल्या, तिथेच संसार थाटले. १९४८ ते १९७३ या काळात आलेल्या या सगळ्यांना 'विंडरश पिढी' म्हणतात. २०१८ मध्ये उघड झालं की यांच्यातल्या अनेकांना, देशात राहण्याचा पूर्ण हक्क असूनही, केवळ कागद नाहीत म्हणून नोकरी आणि उपचार नाकारले गेले होते. काहींना तर देशाबाहेरही काढलं होतं. त्याच वर्षापासून २२ जून हा 'विंडरश दिन' म्हणून पाळला जातो, आणि भित्तिचित्रांची मागणीही त्याच सुमाराला वाढते.

ब्रिस्टलचा इतिहास याहून जुना. अठराव्या शतकात या बंदराने गुलामांच्या व्यापारावर भरपूर पैसा केला. त्या व्यापारातल्या एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा १८९५ मध्ये भर शहरात उभारला गेला आणि ७ जून २०२० रोजी लोकांनी तो पाडून बंदराच्या पाण्यात ढकलला. दरम्यान शहराच्या सेंट पॉल्स भागात कॅरिबियन वस्ती वाढली होती. १९६३ मध्ये तिथली बस कंपनी कृष्णवर्णीय आणि आशियाई लोकांना बसवर कामाला घेत नव्हती. त्याविरुद्ध बहिष्कार पुकारला गेला, २८ ऑगस्ट १९६३ रोजी कंपनीने माघार घेतली आणि पुढच्याच महिन्यात पहिला गोरेतर कंडक्टर रुजू झाला: रघबीर सिंग. लढा उभारला कॅरिबियन तरुणांनी, दार पहिल्यांदा उघडलं ते एका शीख माणसाला.

याच सेंट पॉल्समध्ये १९६८ मध्ये कार्निव्हल सुरू झाला. त्याच्या सात संस्थापकांची भव्य चित्रं मिशेल कर्टिस या ब्रिस्टलच्याच चित्रकर्तीने त्या भागातल्या भिंतींवर साकारली. 'सेंट पॉल्सचे सात संत' असं त्यांना म्हणतात. सातांपैकी तिघी स्त्रिया आहेत: कारमेन बेकफर्ड, डोलोरेस कॅम्पबेल आणि बार्बरा डेटरिंग. बेकफर्ड मूळच्या जमैकाच्या, शिक्षणाने नर्स. डोलोरेस कॅम्पबेल यांनी पोरक्या मुलांना घरी आणून वाढवलं.

## नाव असलेली बाई

भित्तिचित्राचा विषय ठरवताना सगळ्यात मोठी चूक होते ती इथे. 'कॅरिबियन स्त्रीशक्ती' असं काहीतरी ठरतं आणि भिंतीवर येते एक देखणी, अनामिक बाई. सोबत पोपट, जास्वंद आणि फळांची टोपली. ती कुणीच नसते. रस्त्यावरून जाणाऱ्या मुलाने "या कोण?" विचारलं तर सांगायला काही नसतं.

लंडनमध्ये हा फरक लख्ख दिसतो. स्टॉकवेलला २००८ मध्ये 'ब्राँझ वूमन' उभी राहिली, बाळाला उंच धरलेली कृष्णवर्णीय आई. शिल्प सुंदर आहे, पण ती आई म्हणजे एक प्रतीक आहे. सेंट थॉमस रुग्णालयासमोर मेरी सीकोल यांचा पुतळा यायला २०१६ उजाडलं. जमैकातल्या किंगस्टनला जन्मलेल्या, क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा केलेल्या या बाईंसाठी बारा वर्षं मोहीम चालवावी लागली. प्रतीकाला जागा आधी मिळाली, नावाला नंतर. म्हणून भिंत मिळाली असेल तर तिच्यावर नाव, गाव आणि काम असलेली बाई रंगवावी, आणि नाव वाचता येईल एवढं मोठं लिहावं. फलकांच्या धंद्यातला ठोकताळा असा की दर ३ मीटर अंतरासाठी अक्षर निदान २.५ सें.मी. उंच हवं. रस्त्यापलीकडून, म्हणजे १५ मीटरवरून वाचायचं तर साधारण १२ ते १३ सें.मी. शेवटच्या दिवशी कोपऱ्यात घाईघाईने लिहिलेलं नाव बहुधा याच्या निम्मंही नसतं.

## चेहरा आणायचा कुठून?

जुन्या फोटोवरून. आणि इथे दोन अडचणी असतात.

पहिली कायद्याची. घरच्यांनी अल्बममधला फोटो आनंदाने दिला तरी त्याचा कॉपीराइट त्यांचा असेलच असं नाही. वर्तमानपत्रासाठी काढलेला असेल तर तो छायाचित्रकाराचा किंवा वर्तमानपत्राचा असतो, आणि ब्रिटनमध्ये सहसा छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. घरच्यांची संमती वेगळी आणि फोटोची परवानगी वेगळी. दोन्ही लेखी लागतात.

दुसरी अडचण फोटोतच असते. त्या काळची रंगीत फिल्म आणि तिची छपाई गोऱ्या त्वचेवर बेतलेली होती. काळ्या चेहऱ्यातले बारकावे सावलीत बुडून जातात. डोळ्याखालची घडी, गालाचा उतार दिसतच नाही. असा एकच फोटो मोठा केला तर भिंतीवर मुखवटा येतो. निदान चार-पाच वेगवेगळ्या उजेडातले फोटो लागतात, आणि त्या बाईंना ओळखणारी माणसं कच्च्या चित्रासमोर बसवावी लागतात. "हसताना त्यांचा डावा गाल आधी वर जायचा" अशी माहिती फोटोत सापडत नाही.

वेशभूषेचा एक तपशील तर कधीच गृहीत धरू नये: नर्सचा बिल्ला. त्या काळी नर्सिंगचे दोन रस्ते होते. तीन वर्षांचं शिक्षण घेतलेली 'स्टेट रजिस्टर्ड' नर्स आणि दोन वर्षांची 'स्टेट एनरोल्ड' नर्स. कॅरिबियन मुलींपैकी बऱ्याच जणींना, नीट न सांगता, दुसऱ्या रस्त्याला लावलं गेलं. त्यात बढती अडायची आणि मायदेशी ती पदवी चालायचीही नाही. झगडून पहिली पात्रता मिळवलेल्या बाईच्या छातीवर चुकून दुसरा बिल्ला रंगवला, तर रस्त्यावरच्या कुणाला कळणार नाही. तिच्या मैत्रिणींना मात्र पहिल्या नजरेत कळेल.

## फुलं, झेंडे आणि मद्रासचं कापड

'कॅरिबियन' हा एक देश नाही. लाल-पिवळा-हिरवा हे रंग इथिओपियाच्या झेंड्यातून रास्ताफारी पंथात आले. जमैकाच्या झेंड्यात काळा, हिरवा आणि सोनेरी आहेत. त्रिनिदादचा झेंडा लाल, काळा आणि पांढरा. सगळीकडे जास्वंद रंगवायची तर तीही सरसकट चालत नाही. त्रिनिदादचं राष्ट्रीय फूल चकोनिया आहे आणि बार्बाडोसचं 'प्राइड ऑफ बार्बाडोस', म्हणजे आपल्याकडे कुंपणाला लावतात तो शंकासुर. शिवाय गयाना आणि त्रिनिदादमध्ये भारतीय वंशाचे लोक मोठ्या संख्येने आहेत. गयानात १८३८ मध्ये आणि त्रिनिदादमध्ये १८४५ मध्ये गिरमिटिया मजुरांची पहिली जहाजं लागली. तिथल्या स्त्रियांचा वारसा म्हणताना ओढणी घेतलेली, उसाच्या मळ्यात राबलेली बाईही आलीच पाहिजे. ती बहुतेक चित्रांतून गळते.

डोक्याचं चौकडीचं फडकं मात्र बहुतेक भिंतींवर असतं, आणि ते कापड मूळचं आपल्याकडचं. दक्षिण भारतात विणलेली चौकडी व्यापाऱ्यांनी अटलांटिकपार नेली. मार्टिनिक, ग्वाडेलूप, सेंट लुसिया, डॉमिनिका इथे त्याला आजही 'मद्रास' म्हणतात आणि जमैकात 'बँडाना'. मार्टिनिक-ग्वाडेलूपकडे फडक्याची टोकं किती वर काढली यालाही अर्थ आहे: एक टोक म्हणजे मन मोकळं आहे, दोन म्हणजे ते गुंतलंय, तीन म्हणजे लग्न झालंय. त्यामुळे दिसायला छान म्हणून टोकं वाढवू नयेत.

ही चौकडी रंगवणं कठीण असतं. नवशिके आधी सरळ रेषांची जाळी आखतात आणि मग घड्यांच्या सावल्या टाकतात. परिणामी कापड डोक्याला गुंडाळलेलं न वाटता फरशी बसवल्यासारखं दिसतं. क्रम उलटा हवा. आधी एकाच रंगात घड्यांचे उजेड-सावली पुरे करायचे. मग प्रत्येक पट्टा घडीच्या कडेपाशी तोडायचा आणि पलीकडे थोडा सरकवून, थोडा तिरका करून पुन्हा सुरू करायचा. पट्ट्यांचा रंग पातळ, पारदर्शक ठेवायचा, म्हणजे खालची सावली आपोआप त्यातून दिसते.

## भिंत काय म्हणते?

चित्र उडतं ते पावसाने, असा समज आहे. खरं तर बहुतेक चित्रं आतून खराब होतात. भिंतीत ओल असते: पायातून वर चढलेली, फुटक्या पन्हळीतून मुरलेली, विटांच्या उघड्या सांध्यांतून शिरलेली. ऊन पडलं की ती बाहेर यायला बघते. वरचा रंग प्लॅस्टिकसारखा घट्ट असेल तर तिला वाट मिळत नाही. रेनकोट घालून चढ चढलं की पाऊस न लागताही अंग आतून भिजतं, तसंच हे. मग फुगे येतात, पापुद्रे सुटतात, पांढरा खार फुटतो.

म्हणून रंगाआधी तपासणी. जुन्या रंगावर ब्लेडने बारीक जाळी कापायची, चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढायची. पट्टीला चौकोन चिकटून आले तर तो रंग खरवडणं भाग आहे. ओलीसाठी ४५ सें.मी. चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांना टेप लावून निदान १६ तास चिकटवून ठेवायचा. मागे थेंब जमले तर थांबायचं. नवा सिमेंटचा गिलावा असेल तर साधारण २८ दिवस त्याला हात लावायचा नाही, कारण ताज्या सिमेंटचा क्षार रंग खातो.

रंग कोणता, याचं एकच उत्तर नाही. सिलिकेट रंग गिलाव्याशी रासायनिक रीतीने एकजीव होतो, वाफ बाहेर जाऊ देतो आणि दीर्घकाळ टिकतो. पण तो जुन्या प्लॅस्टिक रंगावर धरत नाही आणि त्यात फक्त खनिज रंगद्रव्यं चालतात. झगझगीत गुलाबी किंवा जांभळा त्यात मिळत नाही, आणि कार्निव्हलचा पोशाख त्यांच्याशिवाय कसा रंगवणार! म्हणून बहुतेक ठिकाणी बाहेरच्या भिंतीचा अॅक्रिलिक रंग आणि वरच्या कामाला स्प्रे वापरतात. स्वस्त लाल, गुलाबी आणि पिवळा उन्हात आधी जातात. डब्यावर उजेडात टिकण्याची प्रत दिलेली असते, तिथे तडजोड करू नये. गेरू, अंबरसारखे मातीचे रंग सगळ्यांत पक्के.

हिशेब सोपा आहे. ६ मीटर रुंद आणि ८ मीटर उंच भिंत म्हणजे ४८ चौ. मी. गुळगुळीत गिलाव्यावर लिटरला १० चौ. मी. निघतात, खडबडीत विटेवर जेमतेम ५. म्हणजे विटेच्या भिंतीला एका हातासाठी सुमारे १० लिटर. एक हात प्रायमर आणि दोन हात पार्श्वभूमी धरून ३० लिटर, चित्राचे रंग वेगळे.

हवामानाचे तीन आकडे रोज सकाळी बघायचे. तापमान १० अंश सेल्सिअसच्या वर, आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि भिंतीचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी जास्त. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन पृष्ठभागावर बसते ते तापमान. भिंत त्याच्या जवळ असेल तर डोळ्यांना न दिसणारा ओलावा रंगाखाली अडकतो. ब्रिटनमध्ये म्हणूनच हे काम साधारण मे ते सप्टेंबर या महिन्यांत उरकतात.

पावसावर अजून एक तोड आहे. पॉलिएस्टरच्या न विणलेल्या पातळ कापडावर चित्राचे भाग शाळेत किंवा सभागृहात रंगवायचे आणि नंतर अॅक्रिलिक जेलने भिंतीवर चिकटवायचे. परांचीवर चढू न शकणाऱ्या आज्याही यात हात लावू शकतात, हा मोठा फायदा. मात्र हवेचा एक बुडबुडा राहिला तरी कड सुटते.

## कागदावरचं चित्र भिंतीवर कसं जातं?

५० सें.मी.चे चौकोन आखले तर वरच्या भिंतीवर १९२ चौकोन होतात आणि विटेवर रेषा ओढता ओढता दिवस जातो. आता बरेच जण वेगळी युक्ती करतात. भिंतीवर वेडीवाकडी चिन्हं काढायची: फुल्या, अक्षरं, वेटोळी, प्रत्येक वेगळं. त्याचा फोटो काढून त्यावर फोनमध्ये चित्र अर्धपारदर्शक ठेवायचं. मग "डोळ्याचा कोपरा वेटोळ्याच्या उजवीकडे" असं बघत आखत जायचं. फोटो समोरून, शक्य तितका लांबून घ्यायचा. जवळून तिरका घेतला तर हनुवटी वाकडी येते आणि ते परांची उतरवल्यावरच लक्षात येतं.

परांचीपेक्षा पाळण्याची क्रेन मला बरी वाटते. परांचीवर माणूस चेहऱ्याच्या इतका जवळ असतो की फक्त नाकपुडी दिसते, आणि मागे सरकायला जागा नसते. क्रेनने दर तासाला खाली येऊन रस्त्यापलीकडून बघता येतं. तिच्यासाठी प्रशिक्षित चालक लागतो आणि पदपथ अडणार असल्याने नगरपरिषदेची परवानगीही.

## काळी त्वचा राखेसारखी का दिसते?

अनेक चांगली चित्रं इथेच फसतात. चित्रकार तपकिरीत काळा घालून सावली करतो आणि पांढरा घालून उजेड. काळ्याने सावली मरते. पांढरा, म्हणजे टायटॅनियम, रंगाची ऊब खाऊन टाकतो, आणि तेजस्वी चेहरा राख फासल्यासारखा होतो.

उपाय असा. सर्वांत गडद भागासाठी बर्न्ट अंबर (गडद मातकट तपकिरी) आणि अल्ट्रामरीन निळा. काळा अजिबात नाही. मधल्या छटेला बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). उजेडाकडे जाताना पिवळी माती आणि किंचित नारिंगी. कपाळ आणि गालाच्या हाडावरची चमक म्हणजे त्वचेवर पडलेलं आकाश. ती फिकट निळसर-जांभळी ठेवायची, आणि तीही थोडीच. हनुवटीखाली कपड्याचा रंग परतून येतो. पिवळा झगा असेल तर तिथे उबदार उजेड दिसलाच पाहिजे. दहा मीटरवरून जवळजवळच्या छटा मिसळून जातात, त्यामुळे पाच-सहा स्पष्ट पायऱ्या ठेवाव्या लागतात. अॅक्रिलिक ओला असताना दुधट दिसतो आणि वाळल्यावर गडद होतो, म्हणून प्रत्येक छटेचा ३० सें.मी.चा ठिपका लावून, वाळू देऊन, समोरच्या पदपथावरून पाहिल्याशिवाय चेहऱ्याला हात घालू नये.

## नेहमीच्या शंका

हे बेकायदा ग्राफिटीच ना? नाही. मालकाची लेखी परवानगी हाच फरक. ब्रिटनमध्ये वारसा यादीतल्या इमारतीवर रंगवायचं तर वेगळी मंजुरी लागते, आणि चित्रात जाहिरात घुसली तर जाहिरातीचे नियम लागू होतात. प्रायोजकाचं बोधचिन्ह मोठं करू नये याचं हेही एक कारण आहे.

एवढा पैसा गरजूंना का देऊ नये? रास्त प्रश्न आहे. भित्तिचित्राने कुणाला नुकसानभरपाई मिळत नाही आणि तसं भासवूही नये. पण कोल्स्टनचा पुतळा शंभराहून जास्त वर्षं उभा होता तेव्हा शहर रोज काहीतरी सांगतच होतं. कोण आठवणीत राहावं यावर खर्च आधीही होत होता, फक्त या बायकांवर होत नव्हता.

बाहेरचा चित्रकार चालेल का? रंगवायला चालेल. कुणाचा चेहरा रंगवायचा हे मात्र वस्तीने ठरवावं, आणि माहिती देणाऱ्यांना त्यांच्या वेळेचे पैसे मिळावेत. चहा-बिस्किटांवर लोकांची आयुष्यं विचारून घेणं बरोबर नाही.

चित्रांमुळे भाग 'फॅशनेबल' होऊन घरभाडी वाढली तर? ही भीती खरी आहे, आणि चित्र एकट्याने ती थांबवू शकत नाही. एक गोष्ट हातात आहे. ब्रिटिश कायद्यात रस्त्यावरच्या शिल्पाचा फोटो कुणीही वापरू शकतो, पण ती सवलत भित्तिचित्राला नाही. त्यामुळे घरं विकणाऱ्याने जाहिरातीत कारमेन बेकफर्ड यांचा चेहरा वापरायचा म्हटलं तर हक्कधारकाची परवानगी लागेल. हा हक्क कुणाकडे राहील हे करारात आधीच लिहून घ्यावं.

कुणी विद्रूप केलं तर? कधी ना कधी होतंच, म्हणून तयारी हवी. संरक्षक लेप दोन प्रकारचे. मेणासारखा लेप गरम पाण्याने वरच्या रेघोट्यांसकट निघून जातो आणि पुन्हा द्यावा लागतो. पक्का लेप जागेवर राहतो आणि वरचंच पुसता येतं, पण ओलसर भिंतीची वाफ तो कोंडतो. जुन्या विटेवर पहिलाच बरा. दोन्ही कोरड्या दिवशी, पातळ हातांनी द्यायचे. दमट हवेत दिला तर काळ्या केसांवर दुधट ढग उमटतात आणि ते निघत नाहीत. वापरलेल्या प्रत्येक छटेचा अर्धा लिटर, मिश्रणाचं प्रमाण लिहून, झाकण घट्ट लावून, थंडीत गोठणार नाही अशा जागी ठेवायचा. एकूण खर्चातली दहा टक्के रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी काढायची. आणि मालकाशी होणाऱ्या करारात दोन ओळी हव्यातच: चित्र निदान किती वर्षं ठेवायचं, आणि भिंत पाडायची किंवा विकायची झाली तर त्या बाईंच्या घरच्यांना किती महिने आधी कळवायचं.